ट्रेसिंग पेपर

ह्यांच्या हातून एकदा अख्ख्या सेक्टरची हद्द
एका श्वासात कागदावर उतरली होती.
शून्य पॉइंट दोनचं पेन.
शेजारी चहा निवून साय धरली तरी मान वर नाही.
आता सही करतात तेव्हा
यशवंतचा 'य' तेवढा वाचता येतो,
खांबेटे म्हणजे भिंतीच्या फटीत शिरणाऱ्या मुंग्या.
बँकेने चेक दोनदा परत पाठवला.

वाशीचे डॉक्टर सोमण मोजकं बोलतात.
सात, अकरा, तीन, सात.
वरण गोळीनंतर तासाने.
तक्ता मी फ्रिजवर लावलाय
आणि त्यावरच आमचं घर चालतं.
गोळी चढली की हे बटणं स्वतः लावतात,
उतरली की लिफ्टच्या तोंडाशी पाय फरशीला चिकटतात
आणि दार मिटत राहतं, उघडत राहतं,
आतले शेजारी समोरच्या आरशात बघत राहतात.

करावे गावात तांडेलांची रेवती
सुया टोचते, असं कळलं.
नानजिंगला दोन वर्षं राहून आलेली.
खाली जाळी विणायची माणसं, वर दवाखाना,
जिन्यात सुकटीचा वास.
भिंतीवर उघड्या माणसाचा नकाशा,
अंगभर रेघा, रेघांवर ठिपके, ठिपक्यांना नंबर.
हे समोर उभे राहिले ते हलेनात.
मला वाटलं, पाय अडकले.
पण महिनोन्महिने कोरा असलेला चेहरा
ओठाच्या एका कोपऱ्यात जागा झाला.
"हा तर डेव्हलपमेंट प्लॅन.
रस्ते आहेत, नाले आहेत. स्केल कुठाय?"
"स्केल म्हणजे पेशंटचा अंगठा," ती म्हणाली,
"ज्याचं अंग, त्याचंच माप."

मग विचारलं, काय करायचात?
ड्राफ्ट्समन. सिडकोत.
कुठला नोड?
ह्यांनी सांगितला.
ती कापूस भिजवत होती, भिजवतच राहिली.
"आमचं खाजण त्याच शीटवर होतं.
आजोबा शेवटपर्यंत विचारायचे,
ही रेघ नेमकी कुणी मारली असेल."

मी पर्स घट्ट धरली.
खाली कुणाचा तरी रेडिओ चालू होता.
तिने ह्यांचा हात उलटा केला,
अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली जागा चाचपली.
"हे हेगू. दोन दऱ्या मिळतात ती जागा. जरा टोचेल."
टोचलं.
हाताबरोबर सुई थरथरली,
नांगरलेल्या होडीची काठी थरथरते तशी,
मग हळू,
मग दूध उतू जायला लागतं तेवढा वेळ
नाहीच.
मग पुन्हा सुरू.

सोमणांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला.
"सुया चालतील. गोळीला हात लावायचा नाही."
रेवती म्हणाली, "गोळी सोडा म्हणेल त्याच्याकडे जाऊ नका,
मी म्हटलं तरी."
एकमेकांना कधी न भेटलेली दोन माणसं.

हे म्हणतात, ऑफिसात असंच असायचं.
रस्त्यांच्या शीटवर पाण्याच्या लाइनींचं शीट ठेवायचं,
खिडकीशी धरायचं,
जुळत नाही तिथे लाल पेन्सिल.
सगळं कधीच जुळायचं नाही. तरी नळाला पाणी यायचं.

पॅसेजमध्ये आता लाल टेप आहे,
सोळा सोळा इंचांवर, ह्यांनीच सांगून लावलेली.
सपाट फरशीवर अडणारे पाय
रेघ दिसली की ओलांडतात.
रेवतीचं की सोमणांचं, की त्या टेपचं श्रेय,
मी हिशोब ठेवत नाही.
रविवारी बरं असतं, सोमवारी नसतं.

काल माळ्यावरून ट्रेसिंगची गुंडाळी काढायला लावली.
पेन धरलं. मी चहा आणला नाही.
रेघ सरळ आली नाही,
दातेरी, वळणावळणाची,
मधेच बारीक झालेली.
बराच वेळ बघत बसले.
"ही खाडी आहे," म्हणाले,
"तेव्हा मी सरळ केली होती."

कागद त्या मुलीला द्यावा का, विचारणार होते बहुतेक,
पण तेवढ्यात अकराचा गजर झाला.
गोळी त्यांनी आपल्या हाताने उचलली.
अर्धं पाणी खाडीवर सांडलं.